बिनसाखरेची येळवस

माझ्यासारखा वाढपी आमच्या शिवारात दुसरा झाला न्हाई. माझा आग्रह मोडून पानावरून उठलेला माणूस अजून जन्माला यायचाय. अन् ज्या बिचाऱ्यांना उठता आलं न्हाई, त्यातल्या एकीच्या पायाचं बोट डाक्टरला काढावं लागलं. ती माझी बायको हाय.

आता पुन्हा मार्गशीर्ष संपत आलाय. तुरीच्या शेंगा टच्च भरल्यात. हरभऱ्याला घाटे धरलेत. सकाळी शेतात गेलं की धुई असती, दहा हातांवरचं माणूस दिसत न्हाई, नुस्तं खोकलणं ऐकू येतंय. हरभऱ्यातून चाललं की त्याची आंब धोतराला लागून पोटऱ्या चुरचुरतात. लातूरच्या बाजारात रस्त्याच्या दोन्ही कडेला भाजीचे ढीग लागायलेत. वाल, वाटाणा, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजरं, चिंचा. बाया ढिगावर वाकून शेंग मोडून बघायल्यात, दाणा कवळा हाय का जून. घराघरात आंबिलीचं ताक आंबत ठेवायची तयारी चाललीय. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, येळवस आली, येळवस आली. अन् तो वास आला की मी वाट बदलून दुसऱ्या गल्लीनं जातोय.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. पुण्या-मुंबईच्या माणसाला ती ठाऊक न्हाई, अन् लातूरच्या माणसाला त्या दिवशी दुसरं काही ठाऊक नसतं. अख्खं गाव शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, काळ्या आईची पूजा करायची, शिवारभर आंबील शिंपडायची, अन् मग जेवायचं. नुस्तं आपल्या शेतात न्हाई. शेजाऱ्याच्या शेतात, त्याच्या शेजाऱ्याच्या शेतात. रस्त्यानं चाललेला अनोळखी माणूस दिसला तरी त्याला हाताला धरून बांधावर आणायचं. त्या दिवशी जेवायला न्हाई म्हणायचं न्हाई, असा कायदा हाय. लिहिलेला न्हाई. लिहिलेला असता तर कुणीतरी मोडला असता.

लिहिण्यावरून आठवलं. मी शाळेत तीन दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी इचारलं, दोन भाकरी अन् दोन भाकरी मिळून किती. मी म्हणलं, खाणारा कोण हाय त्याच्यावर हाय. गुरुजी म्हणले, उद्यापासून येऊ नको. हे जे तुमी वाचायलात ते मी फोनात बोलून राहिलो, अन् माझी लेक सुरेखा नांदेडात बसून ते नीट करायली. ती तिथं दवाखान्यात सिस्टर हाय. शहाणपणाचं काही सापडलं तर ते तिचं समजा.

पण वाढण्यात मला कुणी शिकवायची गरज न्हवती. लग्न असो का बारसं, निलंग्यापर्यंतच्या पंगतींना मला बोलावणं यायचं. आचारी कोणी बी असू द्या, वाढपी मी. त्याची एक कला हाय. माणसानं पानावर हात आडवा धरला की त्याच्याशी बोलायचं न्हाई, त्याच्या शेजाऱ्याशी बोलायचं. तो तिकडं बघायला लागला की बोटांच्या फटीतून बुंदी सोडायची. बाईमाणूस असंल तर एक पोळी तिच्या बापाच्या नावची, एक भावाच्या नावची. बापाला कोण न्हाई म्हणतंय? माणूस पोट धरून उठायचा अन् जाताना मला शिव्या द्यायचा, अन् त्या शिव्या मी घरी येऊन बायकोला सांगायचो, बक्षीस मिळाल्यासारखं.

माझी बायको गोदावरी. तिला शुगर होऊन आठ-दहा वर्सं झाली होती. सकाळी एक गोळी खायची, अन् दिवसभर आपलं काम करायची. सणासुदीला मी म्हणायचो, एका दिवसानं काय होतंय. आता एका दिवसानं काही होत न्हाई हे खरं हाय. पण आमचे सण मोजायला बसलं तर एक दिवस कुठं संपतोय अन् दुसरा कुठं सुरू होतोय ते कळत न्हाई.

गेल्या साली दिवाळीला तिला नवी चप्पल घेतली. ती चप्पल पायाला चावली. चावलेलं तिला कळलंच न्हाई, पायाला जाणीवच न्हवती. पाडव्याला ती मला ओवाळून बसली, मी तिला करंज्या वाढल्या. एक तुझ्या बापाच्या नावची, एक भावाच्या नावची. तिनं हात आडवा धरला. मी फटीतून वाढलं. आठ दिवसांनी मोज्यातून वास यायला लागला तवा बघितलं, तर अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं, जळक्या शेंगेसारखं.

लातूरच्या डाक्टरीनबाई चांगल्या हायेत. बोट काढल्यावर त्यांनी मला बाहेर बोलावलं.

"मामा, बोट गेलं. आता पाय सांभाळा. शुगर आटोक्यात राहिली न्हाई तर ही जखम वर सरकंल. मग घोट्यापासून काढावं लागंल."

मी इचारलं, "बाई, येळवस यायली महिन्यानं. बंद करू का?"

"बंद कशाला? तुमचं येळवशीचं जेवण तर मी दुसऱ्यांना सांगते. ज्वारी, बाजरी, पाच-सहा डाळी, हिरव्या भाज्या, ताकातली आंबील. ह्याच्याहून चांगलं काय असतंय? खीर सोडा, पोळ्या सोडा, तेल कमी करा. अन् थोडं खाऊ द्या."

मी मान हलवली. पण मान हलवताना मला आतून कळलं की ह्या बाई भलत्याच गावच्या हायेत. थोडं! आमच्याकडं "थोडं घ्या" म्हणून जे पानात पडतं त्यात पुण्याकडं एक लग्न निघंल.

शेतातलं ते जेवण मी लई मनाशी घोळवलं. माझा बाप आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन निघायचा. घोंगड्याची चुंबळ, वर मडकं, मागं आमी पोरं. घरापासून शेत दीड कोस. चालून चालून पोट पाठीला लागायचं, अन् मग कोपीजवळ बसलं की गव्हाची खीर पानात पडायची, गूळ घातलेली, घट्ट, चमचा उभा राहील अशी. तसली खीर वर्सातून एकदा. बाकी वर्सभर चटणी-भाकर, अन् त्या सालात पाऊस पडला नसंल तर नुस्ती चटणी. तवा खीर पाव्हण्यासारखी यायची. आता ती घरजावई झाली. लग्नात खीर, वाढदिवसाला केक, चहा तर दिवसातून पाच वेळा, साखर घालून घालून पाकच. अन् शेतात आमी मोटरसायकलवर जातो. जेवण बापाच्या वेळचंच हाय, पाय तेवढे आमच्या वेळचे हायेत.

तर गेल्या साली मी ठरवलं, औंदा येळवस मी बिनसाखरेची करणार. सुरेखानं नांदेडातून फोनवर सगळं सांगितलं.

"दादा, आईला एक भाकर, भज्जी पोटभर, आंबील एक गिलास. खीर बिलकुल न्हाई. अन् बारा वाजता जेवली पाहिजे, तीनला न्हाई."

"हाव."

"अन् दादा, तुमी तिला वाढू नका."

"मग कोण वाढंल?"

"तिची ती घेईल."

चाळीस वर्सं मी लोकांच्या पानावर उभा राहिलो, अन् लेक म्हणायली तिची ती घेईल. मी फोन ठेवला अन् सरळ चुलीपाशी गेलो. म्हणलं वाढायचं न्हाई तर शिजवून बघतो.

भज्जी म्हणजे तुमची ती तळलेली भजी न्हवं. सगळ्या शेंगांचे हिरवे दाणे, पालेभाज्या, चिंचेचं पाणी अन् बेसन, सगळं एकत्र रटरट शिजवायचं. आमच्याकडं तिच्यावर तेलाचा तवंग आला न्हाई तर पाव्हणे चिडतात. मी म्हणलं तेल एक चमचा. नमुन्याला म्हणून आधीच्या रविवारी करून बघितली. ती बुडाला धरली. मी पाणी घातलं, ती पातळ झाली. बेसन घातलं, ती घट्ट झाली. मग उलथनं उभं घातलं ते आडवं होईना. गोदावरी पाय पाटावर ठेवून बघत बसली होती.

"हे खायचं हाय का भिंतीला लावायचंय?" ती म्हणली.

खिरीचं मला लई वाईट वाटत होतं. येळवशीला खीर न्हाई म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. आमच्या शेजारचे मल्लाप्पा, त्यांचं गावात किराण्याचं दुकान हाय, शेत आमच्या बांधाला लागून. कपाळाला विभूती लावून सकाळी दुकान उघडतात, माणूस खोटं बोलणारा न्हाई. त्यांना इचारलं. ते म्हणले, "खजूर घाला की. खजुरात कुठली साखर? ते तर झाडाला लागतंय." ऊस बी जमिनीतूनच येतोय, हे मला तवा सुचायला पाहिजे होतं. सुचलं न्हाई. दोन किलो खजूर घातले. गोदावरीनं बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावलं अन् म्हणली, "हे गुळापेक्षा गोड हाय. म्हशीला घाला." म्हशीनं खाल्लं अन् त्या दिवसापासून ती माझ्याकडं लई प्रेमानं बघती. घरात तेवढं एकच माणूस माझ्या हाताला नावं ठेवत न्हाई.

अशानं आमच्या शेतातलं जेवण ठरलं. खीर न्हाई, पोळी न्हाई, भज्जी गोदावरीनं स्वतः बेताच्या तेलात केलेली. पण आमचं शेत एक. आजूबाजूला सात शेतं. सातही ठिकाणी ती जाणार, कारण चाळीस वर्सं जात आलीय, अन् सातही ठिकाणी तिला बसवणार. मी त्यांच्या जागी असतो तर मी बी बसवलं असतं, हे मला सगळ्यात जास्त ठाऊक होतं. म्हणून येळवशीच्या चार दिवस आधी मी पायी निघालो. एकेकाच्या बांधावर जाऊन हात जोडले.

मल्लाप्पाच्या बायकोला आमी चन्नम्माक्का म्हणतो. त्या मूळच्या कर्नाटकातल्या. त्यांना म्हणलं, "अक्का, औंदा गोदावरीला आग्रह करू नका. पायाचा सवाल हाय."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. "न्हाई हो भाऊ. शपथ घेते. एक घास बी धरणार न्हाई."

कांबळे गुरुजींच्या शेतात गेलो. गुरुजी बौद्ध, त्यांच्या शेतात कोपीची पूजा नसती, पण त्या दिवशी चूल पेटती अन् सगळं शिवार तिथं जेवून जातं. शाळेतून मला ज्यांनी काढलं ते गुरुजी हे न्हवेत, हे लई सज्जन. ते म्हणले, "मामा, तुमी हे सांगायला आलात, लई शहाणपणाचं केलंत." आयुष्यात पहिल्यांदा गुरुजी मला शहाणा म्हणले. परत येताना मी असा चाललो होतो, जसा निवडून आलोय.

येळवशीच्या दिवशी सकाळी थंडी अशी होती की बोलताना तोंडातून वाफ यायची. गोदावरी मोटरसायकलवर मागं बसली, पायाला पट्टी, वर मोजा, मांडीवर भज्जीचं पातेलं. शिवारात गेलो तर जिथं तिथं धूर. प्रत्येक शेतातून एक धुराची रेघ वर गेलेली, अन् वर जाऊन सगळ्या एकमेकीत मिसळलेल्या. ज्वारीची पानं एकमेकांना घासून वाजायची. लांबून कुणीतरी आंबील शिंपडत ओरडायचं, दुसऱ्या शेतातून दुसरा ओरडायचा. तिनं खाली बसून पाच दगडांना हळद-कुंकू लावलं. पाय लांब करून बसायला लागायचं, तरी लावलं. उन्हात तिचं तोंड असं दिसत होतं जसं लग्नाच्या दिवशी. मी म्हणलं न्हाई तसं. म्हणायला पाहिजे होतं.

बाराला तिनं जेवून घेतलं. एक भाकर, भज्जी, आंबील. तिची तिनं घेतली. मी हात पाठीमागं बांधून उभा होतो. सुरेखाला फोन लावून सांगितलं, "जिंकलो."

तितक्यात बांधावरून चन्नम्माक्का आल्या. हातात झाकलेली वाटी.

"वैनी, चला आमच्याकडं."

मी मधे पडलो. "अक्का, आपलं ठरलं होतं."

"आग्रह कुठं करायली मी? ही बघा, ह्यांच्यासाठी वेगळी खीर केलीय. काळ्या गुळाची. बिनऔषधाचा गूळ हाय, आमच्या माहेराहून मागवला. यानं काही होत न्हाई. चार दिवस झाले धावपळ चाललीय माझी."

गोदावरीनं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. तिनं वाटी घेतली.

गुरुजींच्या शेतात मधातला शिरा होता. "साखरेचा कण न्हाई, मामा," गुरुजी म्हणले. त्यांच्या बायकोनं तो वेगळ्या डब्यात ठेवला होता अन् पोरांना हात लावू दिला न्हवता. पुढच्या शेतात रताळ्याचे काप, कारण रताळं उपासाला चालतंय, अन् उपासाचं कुणाला बाधत न्हाई. त्याच्या पुढच्या शेतात नेहमीचीच खीर, पण वरून जांभळाच्या बियांची पूड टाकलेली. म्हणे वरचं औषध खालच्या साखरेला मारतंय. मी सात शेतं फिरलो होतो. सातांच्या सात बायांनी माझं ऐकलं होतं. अन् ऐकून सातांनी गोदावरीसाठी वेगळं रांधलं होतं. आग्रह कुणी केला न्हाई. फकस्त म्हणले, "तुमच्यासाठीच केलंय. दुसऱ्या कुणाला देणार न्हाई." ह्याला आमच्या भागात न्हाई म्हणायचं कसं, हे मला अजून कुणी शिकवलं न्हाई.

अन् पाचव्या शेतात ती थांबली. म्हणली, "आता बास. मला कसं तरी होतंय." तिथली म्हातारी हातात वाटी घेऊन उभी होती. तवा मी, ह्याच तोंडानं, म्हणलं: "आगं, चार जणांचं खाल्लंस, ह्यांचं न्हाई खाल्लं तर बरं दिसंल का?" तिनं ती बी वाटी घेतली.

हे सुरेखानं फोनात दोनदा ऐकलं अन् म्हणली, दादा, हे काढू का? मी म्हणलं, राहू दे.

चारच्या सुमाराला ती कोपीला टेकून बसली. पाणी मागितलं. तांब्याभर प्याली, अजून मागितलं. मग बोलेना. सुरेखानं दिलेली शुगरची मशीन आणली होती, बोटाला टोचलं, तर मशीन आकडाच दाखवेना, दोन अक्षरं दाखवायली. फोनवर सुरेखा म्हणली, "दादा, शुगर मशीनच्या मोजण्याच्या पलीकडं गेलीय. गाडी काढा. लगेच काढा." तिच्या आवाजावरून मला कळलं की आता मस्करी करायची न्हाई. अन् मला दुसरं काही येत न्हाई.

मल्लाप्पाच्या पिकअपमध्ये तिला घातलं. मागं चन्नम्माक्का, गुरुजी, अन् अजून तिघं. लातूरात शिरलो तर लातूर ओस. येळवशीला लातूर असंच असतंय, सगळं शहर शेतात. दुकानांना कुलपं, चौकात कुत्री, सिग्नल आपला आपला लाल-हिरवा होऊन राहिलेला. एका दवाखान्याचं दार बंद. दुसऱ्या दवाखान्यात वॉचमन म्हणला, मोठे डाक्टर शेतात गेलेत, येळवस हाय ना. मी त्याला काय म्हणणार होतो? मी स्वतः शेतातूनच आलो होतो.

तिथं एक तरणा डाक्टर होता. कोल्हापूरकडचा, त्याला शेत न्हवतं म्हणून तो ड्युटीवर. त्यानं सलाईन लावली, इन्सुलिन दिलं, सगळं फटाफट केलं. मग कागद घेऊन बाहेर आला.

"काय काय खाल्लं यांनी?"

सगळे एकदम बोलायला लागले. एकानं रताळी सांगितली, दुसऱ्यानं जांभळाची पूड. चन्नम्माक्का म्हणल्या, "काळा गूळ घातला होता, साहेब, साखर न्हाई." गुरुजी म्हणले, "मध. निव्वळ मध." डाक्टर लिहीत होता, लिहीत होता, मग त्यानं पेन खिशात ठेवला अन् भिंतीकडं बघत उभा राहिला. त्यानं आमाला रागावायला पाहिजे होतं. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोळे उघडून बघायली तवा खोलीत सहा डबे होते. शिवारातून आलेले. तिच्यासाठी न्हाई, माझ्यासाठी म्हणून. त्या डाक्टर पोरानं रात्रभर जागून तिला बघितलं होतं, अन् येळवशीला उपाशी राहिला होता. मी डबा उघडला. एवढंच ठरवलं होतं की एक भाकर अन् भज्जी द्यायची. तो म्हणला, बास मामा, थोडंच. अन् त्यानं हात आडवा धरला.

माझा हात आपोआप गेला. फटीतून.

गोदावरी पलंगावरून बघत होती. मी डबा खाली ठेवला अन् हात धुवायला गेलो. लई वेळ धुतला.

तो पोरगा गेल्यावर मी तिला इचारलं. रागानं न्हाई, खरंच इचारलं. "तुला ठाऊक होतं ना, की मधात, गुळात, सगळ्यात तेच हाय? खजुराची खीर तू म्हशीला घालायला लावलीस. मग तिथं का खाल्लंस?"

तिनं सलाईन लावलेला हात उशीवर नीट ठेवला. मग म्हणली, "आवो, चाळीस वर्सं मी रांधायली. शेवटी जे उरतंय ते खाते. माझ्यासाठी म्हणून वेगळं कुणी रांधलं होतं कधी? सात जणींनी रांधलं. मी कुणाच्या तोंडावर न्हाई म्हणू?"

मी ते सहा डबे उचलले अन् बाहेरच्या बाकड्यावर ठेवून आलो.

तवापासून मी त्या आग्रहाचा लई इचार करायलो. आमच्या बापजाद्यांनी भूक बघितली. ज्यांच्याकडं काही न्हवतं, त्यांच्याकडं वर्सातून एक दिवस वाढण्यापुरतं आलं, तर ते वाढणारच की. माया करायची दुसरी कुठली रीत आमाला कुणी दाखवली न्हाई. मी चाळीस वर्सांत गोदावरीला एक गोड शब्द बोललो न्हाई, पोळी वाढली. चन्नम्माक्कानं माहेराहून गूळ मागवला. आता तीच माया माणसाच्या पायाला लागायली, तर हात कुठं ठेवायचा? डाक्टरीनबाई म्हणतात थोडं खा. थोडी माया कशी करायची, ते त्यांच्या कागदात लिहिलेलं नसतंय. सुरेखा म्हणती, दादा, माया जेवणाशिवाय बी करता येती. कशी, ते इचारलं तर म्हणती, तिच्याबरोबर सकाळी चालायला जा. मी चार दिवस गेलो. पाचव्या दिवशी वाटेत एकानं चहाला थांबवलं. न्हाई म्हणता आलं न्हाई.

ती जखम उन्हाळ्यात कशीबशी भरली. पाय राहिला. पण जाणीव आलेली न्हाई. खाली गरम हाय का गार ते तिला हात लावून बघावं लागतंय. अन् परवा मी तिच्या पायाला तेल लावताना गेलेल्या बोटाशेजारचं बोट मला जरा काळसर दिसलं. उजेडात नेऊन बघितलं, तरी दिसलं. तिला सांगितलं, तिनं नुस्तं हूं म्हणलं. सोमवारी लातूरला दाखवायला जायचंय. येळवस बुधवारी हाय. शिवारात आता कुणी काही वेगळं करू नका म्हणून सांगायला जावं, तर मला भ्या वाटतं की आता काय करतील. सांगितलं न्हाई, तर नेहमीचं करतील. दोन्हीकडून खीरच.

आज सकाळी ती ओसरीत उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलायली होती. पाय पाटावर. हिरवे दाणे ताटात टपटप पडायचे. मी तिच्यासमोर बसलो. म्हणलं, औंदा आपण शेतातच जाऊ नये. तिनं पुढची शेंग घेतली. म्हणलं, बरं, जाऊ, पण आपल्या बांधाच्या बाहेर पाय टाकायचा न्हाई. तिनं अजून एक सोलली. मग माझ्यातला वाढपी उठून उभा राहिला, अन् मी छातीवर हात ठेवून सांगितलं की ह्या येळवशीपासून मी खिरीला शिवणार न्हाई, पोळीला शिवणार न्हाई, तुला जे वर्ज्य ते मला वर्ज्य, तू उपाशी तर मी उपाशी. वाटलं, आता ही डोळ्याला पदर लावंल.

तिनं शेंगांची पाटी माझ्या पुढ्यात सरकवली.

"तुमच्या उपाशी राहण्यानं माझं बोट उगवणार न्हाई," ती म्हणली. "शेंगा सोला."